गार्डाचा डबा

"काहून नाही आली? मी सोता पाठवली ना! या हातानं पाठवली! सात नंबर दाबला अन् पाठवली!"

हा आवाज रायपूरचा. मी जबलपूरला, सिविल लाइंसच्या आमच्या कचेरीत, रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून बसलो होतो, तरी टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं. त्या काळी रायपूरहून गोंदियामार्गे छोट्या लाईनीनं जबलपूरला यायचं म्हणजे माणूस एका दिवशी निघायचा, दुसऱ्या दिवशी पोचायचा आणि पोचला तरी निम्माच पोचायचा. दीदीचा आवाज मात्र अख्खाच्या अख्खा येत होता. मधल्या तारेची काही गरज होती असं मला आजही वाटत नाही.

"दीदी, फाईल आली," मी म्हणालो. "आली, पण रिकामी आली. आत एकही नाव नाही."

"रिकामी कशी येईन? अकरा नावं होती! सातवं माझं होतं!"

"दीदी, आवाज जरा..."

"आवाज? अहो भैया, तुमच्याकडून शून्याचा आकडा आला तसा इथं मॅनेजर पेढे वाटून राहिला! म्हणते, रायपूरचा एकही माणूस जबलपूरले जाले तयार नाही, काय निष्ठा म्हणते! माझ्या हातात पेढा हाय आत्ता. खाऊ का फेकून मारू, तुमीच सांगा!"

मी रिसीव्हर आणखी लांब धरला. रायपूरहून फेकलेला पेढा जबलपूरला येऊन लागेल, अशी मला खरोखर भीती वाटत होती.

ही दीदी म्हणजे आमच्या रायपूर डेपोतली कॉम्प्युटरवाली. आमची कंपनी शेतीचे पंप आणि त्यांचे सुटे भाग विकायची. मुख्य कॉम्प्युटर जबलपूरला, आणि सागर, सतना, रायपूर अशा डेपोंत त्याची धाकटी भावंडं. मिडरेंज म्हणायचे या जातीला. म्हणजे टेबलावरच्या पीसीपेक्षा मोठं आणि बँकांच्या त्या खोलीभर पसरणाऱ्या धुडापेक्षा लहान, आमच्या घरच्या फ्रिजएवढं. फरक एवढाच की फ्रिज कधीमधी बंद पडायचा.

दीदीचं माहेर भंडाऱ्याकडचं, सासर जबलपूरला लागून असलेल्या खमरियाचं. नवरा तिथल्या कारखान्यात. त्याची नोकरी तोफगोळ्यांची, ती रायपूरला हलण्यातली नव्हती. बदली झाली ती दीदीची. सहा वर्षं ती रायपूरला खोली घेऊन एकटी राहत होती आणि पंधरवड्यातून एकदा खमरियाच्या क्वार्टरमध्ये यायची. दोन मुली सासूजवळ. धाकटी शाळेत जायला लागली तशी तिची मराठी आटली, घरातसुद्धा हिंदी. त्याचं दीदीला काही वाटलं नव्हतं. पण एका शनिवारी ती दारात चप्पल काढत होती तेव्हा धाकटी पुढे आली आणि म्हणाली, "आप बैठिए, मैं पानी लाती हूँ." पाहुण्या बाईला म्हणावं तसं. हे दीदीनं मला एकदाच सांगितलं, आणि तेव्हा तिचा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंतसुद्धा गेला नव्हता.

मग छत्तीसगड वेगळं झालं. राज्याचे दोन झाले म्हटल्यावर आमची कंपनी कशाला मागे राहते? तिनंही स्वतःचे दोन केले. कोणाला कोणत्या बाजूला जायचं ते प्रत्येकानं एकदाच सांगायचं, आणि ज्या बाजूला पडलात त्या बाजूला निवृत्तीपर्यंत पडून राहायचं. दीदीसाठी हा शेवटचा दरवाजा होता. या यादीत नाव लागलं तर खमरिया, नाही तर धाकटीच्या हातचं पाणी पंधरा दिवसांतून एकदा.

पसंतीच्या याद्या पहिल्यांदा कागदावर मागवल्या होत्या. त्या आल्या तेव्हा तळाशी वेगवेगळ्या शायांत नावं वाढलेली. कुणाचा साडू, कुणाचा भाचा. एका डेपोच्या यादीत तर एका माणसाचं नाव तीनदा होतं, तीन अक्षरांत. मोठे साहेब भडकले. त्यांनी हुकूम काढला की कागद चालणार नाही. यादी कॉम्प्युटरवरून येईल, मे महिन्याच्या अमुक तारखेला संध्याकाळी पाचच्या आत येईल, आणि जी आत आली तीच खरी. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता सही.

आता हा फोन त्या दुसऱ्या दिवशीचा, सकाळी साडेदहाचा. आणि यादी रिकामी का आली हे मला कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणजे काय, मानवत नव्हतं. कारण डेपोंतून जबलपूरला फाईल आणायची नवी पद्धत ही माझी. माझ्या या दोन हातांची. पुण्याला दहा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन, कंपनीची बॅग खांद्याला लावून मी परत आलो होतो, तेव्हा जबलपूर स्टेशनवर बँड कसा नाही, म्हणून मी जरा वेळ थांबूनसुद्धा पाहिलं होतं.

जुनी पद्धत सांगतो, म्हणजे पाप कळेल. जुन्या जाळ्यात फाईल मशीनला जायची नाही, माणसाला जायची. पत्रासारखी. जबलपूरच्या मशीनमध्ये आमच्या जुन्या ऑपरेटरच्या, म्हणजे काकांच्या, नावाची एक पेटी होती. डेपोतून फाईल निघायची ती काकांच्या नावावर, आणि काका स्वतः येऊन, यादी पाहून, एकेक उचलून जागेवर ठेवीपर्यंत त्या पेटीत पडून राहायची. कोणी पाठवली, किती वाजता आली, सगळं तिच्या कपाळावर लिहिलेलं. काका आजारी पडले की कंपनीचा अख्खा साठा त्यांच्यासोबत आजारी पडायचा.

काका मूळचे कामठीचे, राहायला जबलपूरच्याच गोहलपुरात. एसीच्या खोलीत काम म्हणून मे महिन्यातही अंगात स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी. बाहेर पंचेचाळीस डिग्री, कावळे उडता उडता भाजून पडतायत, आणि काका दरवाजा उघडून, माकडटोपीतून तोंड काढून विचारायचे, "चहा आला काय रे बाबू?"

या काकांनी वीस वर्षांपूर्वी एक रिवाज पाडला होता. तेव्हाच्या लाईनी अशा की अर्धी फाईल यायची आणि अर्धी शहडोलच्या जंगलात राहायची. सगळं आलं की नाही हे कळायचं कसं? काकांचे वडील रेल्वेत केबिनमन. काकांनी सगळ्या डेपोंना फोन करून सांगितलं, "गाडी पूर्ण गेली हे केबिनमन कशावरून ओळखते? इंजिन पाहून? इंजिन तं कोनीही पाहते. तो शेवटचा डबा पाहते, गार्डाचा. तसं करा. खरी फाईल पाठवली का तिच्या मागून त्याच नावाची एक रिकामी फाईल सोडा. मले मागून रिकामी दिसली का मी समजीन, गाडी पूर्ण आली."

झालं. तेव्हापासून आमच्या कंपनीत कोणतीही फाईल गार्डाच्या डब्याशिवाय निघाली नाही. सतन्याचा एक भैया तर घरी पत्र लिहिलं तरी मागून एक कोरा कागद पाठवतो, असं मी स्वतः ऐकलं आहे. अर्थात सांगणारा मीच होतो.

आणि माझी नवी पद्धत? तिच्यात पेटी नाही, काका नाहीत, थांबणं नाही. डेपोतून फाईल निघाली की सरळ जबलपूरच्या मशीनमध्ये आपल्या जागेवर जाऊन बसणार. एका नावाची जागा एक. त्याच नावाची दुसरी आली तर पहिली पुसून तिथे दुसरी बसणार. मला पुण्यात हे फार आवडलं होतं. स्वच्छ कारभार.

तुम्हाला कळलं ना? तुम्हाला आत्ता कळलं. मला तेव्हा साडेदहा वाजून सहा मिनिटांनी कळलं.

"दीदी," मी म्हणालो, "फाईल पाठवल्यावर तुम्ही काय केलं?"

"काय करीन? हात जोडले."

"नाही, मशीनवर. मशीनवर काय केलं?"

"रोज करतो तेच. गार्डाचा डबा लावला."

आता मला सगळं दिसलं. आधी अकरा माणसांची गाडी येऊन फलाटाला लागली होती, आणि मागून गार्डाचा डबा येऊन त्या गाडीवरून गेला होता. माणसं चिरडून शांतपणे उभा होता, रिकामा, आत दिवा लावून.

तुम्ही म्हणाल, मग रोजच्या साठ्याच्या फाईली कशा वाचल्या? त्या वाचल्या कारण साठ्याची फाईल आली की माझा प्रोग्राम ती मिनिटाच्या आत खाऊन टाकायचा. डबा यायचा तोवर ताट रिकामं. ही पसंतीची यादी मात्र पाच वाजेपर्यंत तशीच पडून राहायची होती. सतन्याचा डबा यादीच्या आधीच लागला होता आणि सागरचा पाचनंतर, दार बंद झाल्यावर, म्हणून त्यांच्या याद्या वाचल्या; रायपूरचाच तेवढा वेळेवर आला. तपासणी मी केली होती का? केली होती, तीनदा. तिन्ही वेळा फाईल मीच पाठवली, आणि मी काही गार्डाचा डबा लावत नाही. मी पुण्याहून आलेलो.

"मंग आता?" दीदी म्हणाली. आणि या दोन शब्दांना तिचा आवाज एकदम माणसाएवढा झाला. मला ओरडणं परवडलं असतं.

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही पेढा खा. मी बघतो."

मोठ्या साहेबांची खोली वरच्या मजल्यावर. साहेब हिंदीवाले, लखनौकडचे, शांत. आवाज न वाढवता माणसाला बाराच्या भावात काढणारे. मी सगळं सांगितलं. थोडं सजवून सांगितलं, म्हणजे दोष शक्यतो लाईनीवर, थोडा हवामानावर.

साहेब म्हणाले, "रिकॉर्ड में क्या है?"

"शून्य, सर. लेकिन वो असल में ग्यारह थे. मैं अभी रायपुर से दोबारा मँगवा लेता हूँ."

"अभी मँगवाओगे तो उस पर समय क्या आएगा?"

"आज का, सर."

"और कल पाँच के बाद जो आया, वो हमने किसी का लिया?"

"नहीं, सर."

"सागरवाले का साला साढ़े पाँच बजे आया था. मैंने मना किया. अब आपकी दीदी का ले लूँ?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "जो कल पाँच के पहले मशीन में आया, वो दिखा दो. एक बजे तक बैठा हूँ."

मी जिना उतरलो. तो जिना मोजून अठरा पायऱ्यांचा, पण त्या दिवशी खाली येईपर्यंत माझ्या दाढीचे खुंट वाढले. मशीनच्या नोंदवहीत पाहिलं. तिथे काल चार बत्तीसला रायपूरहून एक फाईल आल्याची ओळ होती, अकरा नोंदी. चार चौतीसला दुसरी, शून्य नोंदी. अकरा होते एवढं सिद्ध झालं. अकरा कोण ते नाही. उद्या कोणीही म्हणेल, त्या अकरांत माझाही साडू होता.

पुन्हा रायपूर लावलं. "दीदी, एक सांगा. सात नंबर दाबल्यावर पडद्यावर काय येतं? शब्दन् शब्द सांगा."

"पहिले येते का तुमच्या नव्या रस्त्यानं फाईल गेली. मंग जरा थांबते, अन् मंग येते का जुन्या रस्त्यानं गेली."

"जुन्या?"

"हौ. रोज दोनदा येते."

"रोज? मग मला सांगितलं काहून नाही?"

"तुमीच तं म्हनलं होतं, दुसऱ्या ओळीकडे पाहू नका, ते काही नाही म्हून."

मी म्हणालो होतो. सगळ्या डेपोंच्या मेनूतला फाईल पाठवायचा तो सात नंबर मीच बदलला होता. जुन्या पद्धतीच्या ओळीच्या वर मी माझी नवी ओळ घातली होती. ठरलं होतं की पंधरा दिवस दोन्ही रस्ते चालू ठेवायचे आणि मग जुना काढायचा. तिसऱ्या दिवशीच मला इतका आत्मविश्वास आला की मी जुना बंद झाल्याचं पत्रक काढलं, आणि जुनी ओळ काढायची मात्र विसरून गेलो. म्हणजे गेले आठ दिवस साऱ्या डेपोंच्या फाईली चुपचाप जुन्या रस्त्यानंही येत होत्या, आणि कोणाच्या तरी पेटीत एकामागे एक उभ्या होत्या. त्या रस्त्यावर कोणी कोणाला पुसत नाही. गाडी वेगळी, डबा वेगळा.

कोणाच्या पेटीत? काकांच्या.

मी खुर्चीतून उठून आनंदानं टाळी वाजवली आणि ती टाळी अर्ध्यावरच थांबली. कारण त्याच दिवशी सकाळी दहा वाजता मी काकांना म्हणालो होतो, "काका, आता जुन्या जाळ्याचं काही काम नाही. त्यातनं तुमचं नाव काढून टाका." आणि त्या जाळ्याचा कायदा असा, की नाव काढलं की त्या नावाची पेटी जाते, आणि पेटीत जे काही असेल ते तिच्याबरोबर. घड्याळात अकरा वाजून पाच. चहा, तंबाखू, चष्मा शोधणं हे सगळं धरूनही नाव पुसायला पासष्ट मिनिटं लागत नाहीत.

मशीनची खोली आवाराच्या पलीकडच्या टोकाला, जुन्या आउटहाउसमध्ये. मी धावलो. मे महिन्याच्या उन्हात धावलो, एका उडीत कडुनिंबाचा पार ओलांडला, वाटेत साहेबांची गाडी उभी होती तिच्यावरून गेलो की खालून गेलो हे मला आजही सांगता येत नाही. दरवाजा ढकलून आत शिरलो तर थंड हवेनं चष्म्यावर वाफ धरली. पुसला. समोर काका. स्वेटर, माकडटोपी, हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि काकांचं उजवं बोट एंटरवर टेकलेलं.

"काका, हात वर!"

काकांनी हळूच मान वळवली. हात वर केला नाही. "काय झालं साहेब?"

एरवी हे काका मला 'अरे बाबू' म्हणायचे. 'साहेब' म्हणाले तेव्हाच मी ओळखलं की माझं नाव त्यांच्या पेटीतून कधीच गेलं आहे.

"नाव काढलं का?"

"तुमचा हुकूम हाय तं काढाच लागन," काका म्हणाले. "दहा वाजतापासून बसलो. नावापुढं चार टाकला, पुसाचा. आता एंटर राहिलं. ते काही होऊन नाही राहिलं माझ्यानं. एकवीस वर्षं झाले साहेब त्या यादीत. तुमीच मारा ना. तुमचा हात तरुन हाय."

"काका, तो चार काढा आधी. तुमची पेटी उघडायची आहे."

"पेटी?" काकांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझंच पत्रक चिकटवलेलं, माझ्याच सहीचं: जुन्या पेटीला यापुढे कोणीही हात लावू नये. "हे काय लिवलं हाय? मी तं आठ दिवस तिकडं पाहिलं बी नाही."

"ते पत्रक रद्द."

"तोंडानं?"

"काका, बारा वाजायला आले! दीदीचा प्रश्न आहे!"

"दीदीचा?" काकांचं बोट एंटरवरून उचललं गेलं. "काय झालं पोरीले? रोज साडेनऊले तिचा 'जय भीम काका' येते. आज फोन नाही म्हून मी विचार करूनच राहिलो."

मी सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. गार्डाचा डबा गाडीवरून गेला हे ऐकून ते हसले नाहीत. फक्त माकडटोपी काढून मांडीवर ठेवली, आणि माझं पत्रक भिंतीवरून काढून, उलटं करून, पेनासकट माझ्यासमोर धरलं.

"लिवा."

"काय?"

"का पेटी उघडाची परवानगी हाय. सही करा. उद्या तुमी पुन्हा पुण्याले जाऊन आले तं?"

मी लिहिलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या सुंदर अक्षरात काही लिहिलेलं नाही. काकांनी ते वाचलं, खिशात घातलं, बोटं मोडली आणि नावापुढचा चार काढून उघडायचा पाच टाकला.

पेटी उघडली. देवा रे! आठ दिवसांची वाहतूक यार्डात उभी. सागर, मागे डबा. सतना, मागे डबा. रायपूर, मागे डबा. पडद्यामागून पडदे. काका एकेक पान खाली नेत होते आणि प्रत्येक गाडीला नावानिशी ओळखत होते. "हा सागरवाला, हा नेहमी उशिरा. हा सतना. पाहा, याचा डबा गाडीच्या पहिलेच लागला, हा असाच हाय."

आणि मग शेवटच्या पानावर: रायपूर, पसंतीची यादी. काल. चार बत्तीस. तिच्या मागे, दोन मिनिटांच्या अंतरानं, तिचा रिकामा डबा.

काकांनी तिला उचलून जागेवर ठेवलं. गेली वीस वर्षं उचलत होते तसंच, घाई न करता. मग प्रिंटरला हुकूम दिला. आमचा तो प्रिंटर चालला की गोहलपुरातल्या वर्कशॉपवाल्यांनासुद्धा कानात कापूस घालावा लागायचा. नावं एकेक करून बाहेर येत होती. सातव्या नावाला काकांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हाय." मग कागद फाडून माझ्या हातात दिला. "पळा आता."

पावणेबाराला मी वर होतो. साहेबांनी कागद वाचला. तारीख पाहिली, वेळ पाहिली, कोणाकडून आणि कोणाच्या नावावर ते पाहिलं.

"यह कहाँ से आया?"

"मशीन से, सर. कल का ही है. पुराने रास्ते से आया."

"पुराना रास्ता तो बंद था."

"कागज़ पर बंद था, सर."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "तो नया किसलिए बनाया था?"

या प्रश्नाचं उत्तर मला पुण्यात दहा दिवस शिकवलं होतं, आकृत्यांसकट. त्या क्षणी त्यातलं एकही वाक्य आठवेना. साहेबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. यादीला यादी जोडली आणि एक वाजता सही केली. अकराच्या अकरा.

मी मशीनच्या खोलीत येऊन रायपूर लावलं आणि म्हणालो, "दीदी, झालं." पलीकडून काहीच आवाज आला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं लाईन गेली. मग हळूच ऐकू आलं, "काकाले द्या." मी फोन काकांकडे दिला आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो, कारण ते बोलणं माझं नव्हतं.

नवी पद्धत पुढे चालली, चांगली चालली. पण मी आधी तिला सभ्य केलं. आलेली प्रत्येक फाईल आपापल्या नंबरावर बसेल, कोणी कोणाला पुसणार नाही, आणि पाठवणाऱ्याला लगेच उलट टपाली सांगेल की इतक्या नोंदी पोचल्या. या सगळ्याला तीन महिने लागले, कारण या वेळी तपासणी मी केली नाही, काकांनी केली. दर वेळी ते डेपोतल्या माणसालाच बसवायचे आणि मला खोलीबाहेर उभं करायचे. मग निवृत्तीच्या दिवशी काकांनी स्वतः आपल्या नावापुढे चार टाकला, एंटर मारला, आणि खुर्चीवरून उठून स्वेटर काढला. आत शर्ट होता. आम्हाला कोणालाच तो माहीत नव्हता.

त्याच दिवशी चार वाजता त्यांना निरोप. दीदी तोवर जबलपूरला रुजू होऊन दोन महिने झाले होते. तिनं काकांसाठी खोव्याच्या जिलबीचा अख्खा डबा आणला होता. मला त्यातली एक मिळाली, तीही कोपऱ्यातली. धाकटीला सोबत आणलं होतं. ती आईच्या पदराला लोंबकळत होती आणि "तू दे ना, तू दे ना" म्हणून तिसरी जिलबी मागत होती.

काकांबद्दल दोन शब्द बोलायला मी उभा राहिलो. दोनाचे दोनशे झाले. त्या मधल्या काळात गोष्टही थोडी अंगानं भरली होती. आता यादीत अकरा नाही, चाळीस माणसं होती. काकांचं बोट आणि एंटर यांत एका केसाचं अंतर होतं, आणि मी दारातून नाही, काच फोडून आत गेलो होतो. साहेबांनी मला मिठी मारली होती. काका मान डोलवत होते. त्यांना सगळं मान्य होतं, त्यांचा तो दिवसच तसा होता. मी हात उंचावून शेवट केला, "आणि अशा रीतीनं, मित्रहो, दीदींची फाईल मी वाचवली!"

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. दीदी पाक लागलेली बोटं रुमालाला पुसत होती. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"अन् भैया, पहिले पुसली कोनं होती?"